शेततळ्यातील मासळी आणि पहाटेचा प्राणवायू



उसाच्या ठिबकासाठी आपण शेततळी केली, काहींनी त्यात रोहू, कटला, मृगळ सोडले. हल्ली गटाच्या बैठकीत आम्हाला हमखास विचारतात, "साहेब, मोबाईलवर पाण्याचे आकडे दाखवणारं यंत्र बसवावं का?" मासळी हा आमचा विषय नव्हे, पण तळे उसाचे, म्हणून माहिती देत आहोत.

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. दिवसा उन्हात पाण्यातले हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाची घाण मिळून तो संपवतात. म्हणून उजाडण्याआधी तो सर्वांत कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅम असला तर चांगले, ३ च्या खाली धोका. ढगाळ दिवसानंतरची रात्र जास्त वाईट.

त्यात आपला खानदेशचा उन्हाळा. पाणी तापले की प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३२ अंशाला जेमतेम सव्वासात. त्याच दिवसांत उसाला पाणी देऊन तळे खाली जाते. मासे तेवढेच, पाणी निम्मे!

यंत्राची कांडी पाण्यात राहून दर काही मिनिटांनी प्राणवायू, तापमान, सामू मोजते आणि सिमकार्डावरून मोबाईलला कळवते. आकडा घसरला की मध्यरात्रीही घंटा वाजते. काही यंत्रे पाणी घुसळणारा पंखा, म्हणजे एअरेटर, आपोआप सुरू करतात.

पण घंटा वाजली आणि वीजच नसली तर? शेतीची वीज आपल्याकडे पाळीने येते. नुसत्या घंटेने मासा वाचत नाही. म्हणून आधी एअरेटर आणि त्याला जनरेटरची सोय करावी, सेन्सर त्यानंतर. तेही नसेल तर डिझेल इंजिनने तळ्यातलेच पाणी उचलून फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडावे. कांडीवर शेवाळ बसले तर आकडा खोटा येतो. ती नियमित पुसावी.

ज्यांचे तळे एकच, त्यांनी घाई करू नये. चार-पाच सभासदांनी मिळून हातातला मीटर घ्यावा व पहाटे मोजावे, बरेच भागते. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. आणि उसाची पाळी देताना तळे तळाला नेऊ नये. उसाचे पाणी आणि माशाचे पाणी यांचा हिशेब उन्हाळ्याआधीच मांडावा.

— ऊस विकास अधिकारी