फळी आहे, बचाव कोठे आहे?

गोव्यातील फातोर्डा मैदानावर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी लालियनझुआला छांगटेने चौदाव्या मिनिटाला सिंगापूरवर गोल चढविला, तेव्हा भारतीय फुटबॉलप्रेमींच्या आशा पालवल्या. त्या अल्पजीवी ठरल्या. मध्यंतराला मिनिटभर उरले असताना साँग उई-यंगने बरोबरी साधली आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. भारत १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले.

हा केवळ दैवदुर्विलास मानता आला असता, तर मनाचे समाधान तरी झाले असते. परंतु २६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध नेमके हेच घडले होते. तेथेही मैदान आपले, पहिला गोल आपला आणि निकाल १-२. त्याआधी जानेवारीत, कतारमधील आशियाई चषकात, भारताने तीन सामन्यांत सहा गोल पत्करले होते.

सुनील छेत्रीनंतर गोल करणारा कोण, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो रास्तच आहे. तथापि गुवाहाटीत आणि फातोर्ड्यात गोल झाला होता. राखता आली नाही ती आघाडी. उणीव पुढच्या फळीपुरती मर्यादित नाही, हे मान्य करावयास हवे.

बचाव म्हणजे चार शूर खेळाडूंची बेरीज नव्हे. कबड्डीत साखळीतील एकाचा हात सुटला, की चढाई करणारा निसटतो. फुटबॉलमध्येही एक बचावपटू चेंडूकडे धावला, की दुसऱ्याने त्याची मोकळी जागा भरावयाची असते. 'तो माणूस माझा नव्हता' हे उत्तर कचेरीत एखादे वेळी चालून जाते, गोलासमोर चालत नाही. संदेश झिंगन फातोर्ड्यात निलंबनामुळे खेळू शकला नाही, ही अडचण खरी. पण एका खेळाडूच्या गैरहजेरीत जिचा तोल जातो, तिला फळी म्हणावे काय?

हे सामंजस्य आठवडाभराच्या शिबिरात येत नाही. क्लबांनी बचावाच्या मध्यभागी परदेशी खेळाडू उभे करावयाचे आणि राष्ट्रीय संघात मात्र भारतीय तरुणांकडून पारंगत खेळाची अपेक्षा धरावयाची, ही विसंगती आहे. तेथे भारतीय जोड्यांना सलग हंगाम खेळावयास मिळाले पाहिजे.

१९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदकाच्या लढतीत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमविले. वस्तुतः बचावपटू असलेल्या जर्नेलसिंगने डोक्याला इजा झालेली असतानाही पुढे खेळून एक गोल केला होता. अखेरच्या मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला. दुसरा मात्र भारताने होऊ दिला नाही. ती शेवटची काही मिनिटे कशी निभवावयाची, हेच आजच्या संघाने नव्याने शिकावयाचे आहे.