शाश्वत ऊर्जा व मानवी हक्क शिक्षणातील शालेय देवाणघेवाण

शाश्वत ऊर्जा व मानवी हक्क या विषयांवरील शालेय देवाणघेवाण हा माध्यमिक शिक्षणातील एक उपक्रम आहे. यात दोन किंवा अधिक देशांतील शाळा एक समान विषय निवडून काही महिने एकत्र काम करतात आणि किशोरवयीन विद्यार्थी काही दिवसांसाठी परस्परांच्या गावी राहायला जातात. ही पद्धत विशेषतः युरोपात रुजली असून युरोपीय संघाचा 'इरॅस्मस प्लस' हा कार्यक्रम तेथे तिचा मोठा आर्थिक आधार आहे. वीज कशी निर्माण होते हा विज्ञानाचा प्रश्न आहे. ती कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या श्रमातून निर्माण होते हा नागरिकशास्त्राचा. शाळेच्या वेळापत्रकात सहसा वेगळ्या तासांना येणारे हे दोन प्रश्न एकाच वेळी हाताळणे, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

शालेय देवाणघेवाणीचा मूळ हेतू ऊर्जा हा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर शत्रुराष्ट्रांच्या पुढच्या पिढ्यांनी एकमेकांना ओळखावे, या विचारातून तिला बळ मिळाले. युनेस्कोने १९५३ साली सहयोगी शाळांचे जाळे सुरू केले. २२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांच्यात एलिझे करार झाला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांनी मिळून युवकांच्या देवाणघेवाणीसाठी संयुक्त कार्यालय स्थापन केले. युरोपीय संघाने १९९५ पासून शालेय भागीदारीसाठी 'कोमेनियस' हा कार्यक्रम राबवला. सतराव्या शतकातील मोराव्हियन शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेन्स्की यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. शाळांना आंतरजालावरून जोडणारा 'ई-ट्विनिंग' उपक्रम २००५ साली आला. २०१४ मध्ये हे सर्व कार्यक्रम इरॅस्मस प्लसमध्ये विलीन झाले. २०२१ पासूनच्या नियमांनुसार विद्यार्थ्यांचा गट २ ते ३० दिवस, तर एकटा विद्यार्थी किमान १० दिवस ते कमाल एक वर्ष परदेशी शाळेत राहू शकतो.

मानवी हक्कांच्या अंगाने पाहता, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०११ मध्ये मानवी हक्क शिक्षण व प्रशिक्षणाचा जाहीरनामा स्वीकारला. हक्कांविषयी शिक्षण, हक्कांचा मान राखणाऱ्या पद्धतीने शिक्षण आणि हक्क बजावता यावेत यासाठी शिक्षण, अशी तिहेरी मांडणी त्यात आहे. पुढे २८ जुलै २०२२ रोजी आमसभेने स्वच्छ, निरोगी व शाश्वत पर्यावरण हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. ठरावाच्या बाजूने १६१ मते पडली, विरोधात एकही नाही. ८ देश तटस्थ राहिले. या ठरावाला कायद्याचे बंधन नाही. मात्र पर्यावरण आणि हक्क हे विषय शाळेत एकत्र शिकवण्याला त्याने भक्कम आधार दिला.

कामाची पद्धत

प्रत्यक्ष भेट हा उपक्रमाचा लहानसाच भाग असतो. भेटीपूर्वी दोन्हीकडचे विद्यार्थी आपापल्या शाळेच्या वीजवापराची मोजणी करतात: मीटरची नोंद, वर्गांचे तापमान, दिव्यांची संख्या, सुटीच्या दिवशीचा वापर. नंतर हे आकडे शेजारी ठेवले जातात. येथेच पहिली अडचण येते, आणि तीच उपयोगी ठरते. उत्तरेकडील शाळेत हिवाळ्यातील उष्णतेवर खर्च होतो, दक्षिणेकडील शाळेत उन्हाळ्यातील गारव्यावर; म्हणून नुसत्या एककांची तुलना दिशाभूल करते. दर चौरस मीटरमागे, दर विद्यार्थ्यामागे की हवामान जमेस धरून, नेमकी कोणती तुलना न्याय्य, हे मुलांना आपसांत ठरवावे लागते.

बचतीला व्यवहाराची जोड देणारा एक जुना प्रयोग जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९९४ मध्ये सुरू झाला. 'फिफ्टी-फिफ्टी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत शाळेने वाचवलेल्या ऊर्जाखर्चाचा निम्मा भाग शाळेलाच मिळतो. ही कल्पना नंतर इतर युरोपीय देशांतील शाळांनीही उचलली.

साम्सो आणि फोसेन

पवनचक्की तीच, पण तिच्याभोवतीचे हक्कांचे चित्र किती वेगळे असू शकते, हे समजण्यास युरोपातील दोन ठिकाणे विशेष उपयुक्त आहेत.

साम्सो हे डेन्मार्कचे सुमारे पावणेचार हजार लोकवस्तीचे बेट. १९९७ साली झालेल्या एका राष्ट्रीय स्पर्धेत सरकारने ते पूर्णतः अक्षय ऊर्जेकडे वळणारे बेट म्हणून निवडले. जमिनीवर ११ आणि समुद्रात १० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. शेतकरी, स्थानिक रहिवासी आणि नगरपालिका यांनी त्यांचे समभाग घेतले. ज्यांच्या खिडकीतून चक्की दिसते त्यांनाच तिच्या उत्पन्नातील वाटा मिळत असल्याने विरोध फारसा टिकला नाही. तेथे २००७ मध्ये उघडलेल्या ऊर्जा अकादमीत जगभरातून अभ्यासगट येतात.

नॉर्वेच्या फोसेन द्वीपकल्पावरची कथा उलट आहे. तेथील स्टुरहैया व रोआन या प्रकल्पांत मिळून १५१ पवनचक्क्या आहेत आणि त्या सामी या मूलनिवासी समाजाच्या रेनडिअर चराईच्या प्रदेशात उभारल्या गेल्या. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की या परवानग्यांमुळे नागरी व राजकीय हक्कांवरील आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २७ चा, म्हणजे अल्पसंख्याकांना आपली संस्कृती जगण्याच्या हक्काचा, भंग झाला आहे. परवाने अवैध ठरले, पण चक्क्या फिरतच राहिल्या. निकालाला ५०० दिवस उलटल्यावर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सामी तरुणांनी ओस्लोत खनिज तेल व ऊर्जा मंत्रालयात ठिय्या दिला. मार्चच्या आरंभी सरकारने माफी मागितली. चराई करणाऱ्या दोन गटांशी अनुक्रमे डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये तडजोड झाली. चक्क्या मात्र हटल्या नाहीत.

कोळसा वाईट आणि वारा चांगला, एवढ्यावर थांबणाऱ्या धड्याला फोसेनचे उत्तर देता येत नाही. विद्युत वाहनांच्या अनेक बॅटऱ्यांत लागणाऱ्या कोबाल्टविषयीही हेच म्हणता येते. जगातील कोबाल्टच्या उत्पादनापैकी निम्म्याहून बराच अधिक हिस्सा काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो आणि तेथील हातखाणींतील बालमजुरी ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ च्या अहवालात नोंदवली आहे. खाणीतील मूल आणि त्याच्याविषयी अभ्यास करणारे मूल बहुधा एकाच वयाचे असते.

मर्यादा व टीका

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले, की दोन गटांमधील संपर्काने पूर्वग्रह कमी होण्यासाठी समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा आवश्यक असतो. नुसत्या सहलीत यांपैकी फारसे काही नसते. स्थळदर्शन आणि छायाचित्रे यांत आठवडा संपला, तर पाहुणे जुनेच समज घेऊन परततात. समान दर्जाची अट तर सर्वांत अवघड: काम बहुतेकदा इंग्रजीत चालते, त्यामुळे ज्याची इंग्रजी बरी तो गटाचा म्होरक्या होतो. ज्यांच्या घरी पाहुण्याला स्वतंत्र खोली देता येत नाही, अशी मुले अनेकदा आधीच माघार घेतात.

दुसरा आक्षेप प्रवासाचा. ऊर्जाबचत शिकण्यासाठी विमानाने जाणे ही विसंगती विद्यार्थ्यांच्याच प्रथम लक्षात येते. इरॅस्मस प्लसमध्ये २०२१ पासून रेल्वे, बस अशा कमी प्रदूषणकारी साधनांनी जाणाऱ्यांना वाढीव साहाय्य मिळते. बेटांवरच्या व युरोपच्या कडेच्या देशांतल्या शाळांना मात्र ही सवलत घेणे अवघड जाते.

भारतीय संदर्भ

भारत इरॅस्मस प्लसच्या शालेय विभागाचा सदस्य देश नाही. मात्र विषय येथेही तितकाच जिवंत आहे. मार्च २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले. तो खटला होता राजस्थान व गुजरातमधील माळढोक पक्ष्यांचा, ज्यांना सौरऊर्जा वाहून नेणाऱ्या उघड्या वीजतारांचा धोका आहे.

महाराष्ट्रात अनेक देशांचे विद्यार्थी एकत्र शिकतात अशी एक संस्था पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात आहे. १९६२ साली वेल्समध्ये आरंभ झालेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेज चळवळीचे हे महिंद्र महाविद्यालय १९९७ मध्ये सुरू झाले. काटेकोरपणे पाहता ते देवाणघेवाणीचे केंद्र नसून दोन वर्षांचे निवासी महाविद्यालय आहे. मात्र ज्या तालुक्यात ते आहे, तेथेच १९२१ साली टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी होणाऱ्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झाले, वीज मुंबईला गेली, जमिनी पाण्याखाली गेल्या आणि बापटांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या लढ्याचे वर्णन जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन असे केले आहे.