एकाच नंबरचे दोन हिरवे

आईच्या मागे उरलेल्या सामानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. आत भरतकामाच्या दोऱ्याच्या चाळीसेक लड्या, बहुतेक अँकरच्या, थोड्या डीएमसीच्या, काही पट्टी हरवलेल्या. आणि तळाशी एक अर्धवट टेबलक्लॉथ. दोन कोपऱ्यांवरचा वेल पूर्ण, तिसऱ्यावरचा निम्मा, चौथ्यावर नुसती पेन्सिलीची रेघ. अर्धवट असूनही तो कित्येक वर्षे रेडिओच्या टेबलावर अंथरलेला असायचा, भरलेले कोपरे तेवढे समोर. भाचीच्या रुखवतात तो पूर्ण करून मांडायचा असे ठरले. हिरव्या लडीवरचा नंबर शाबूत होता, पण दोरा हातभरच उरलेला. त्याच नंबरची नवी लडी नागपुरातून आणली, तीन पाने भरली आणि अंगणात नेऊन पाहिली. आईच्या पानांशेजारी ती प्लॅस्टिकची वाटत होती.

खापा हे विणकरांचे गाव. कन्हानच्या काठावरच्या या गावात काठाला काठ आणि सुताला सूत जुळवण्यात पिढ्या गेल्या आहेत. मोहल्ल्यातल्या एका वृद्ध विणकर काकांना कापड दाखवले. ते एवढेच म्हणाले, "उलटं करून पाय ना, बाई." उलटे केले. मागच्या बाजूने आईचा हिरवा आणि माझा हिरवा जवळपास एकच होता. कंपनीने नंबर बरोबरच पाळला होता. बदलला होता तो कापडाचा दर्शनी भाग.

प्रकाश रंगाचे रेणू मोडतो, आणि सगळे रंग सारख्या गतीने मोडत नाहीत. हिरवा पुष्कळदा पिवळा आणि निळा मिळून होतो. त्यातला पिवळा आधी गेला की पान निळसर होते. युरोपातल्या जुन्या विणलेल्या भित्तिपटांवरची झाडे आज निळी दिसतात ती यामुळेच. आपल्याकडे मध्य प्रांतात लाल रंगासाठी आलीच्या मुळ्या वापरत. १८६९ च्या सुमारास कृत्रिम अलिझारीन बाजारात येऊ लागले आणि पुढे आलीची शेती संपली. १९०१ साली इंडान्थ्रीन हा पक्का निळा सापडला, त्यातून टिकाऊ रंगांचे एक कुळच निघाले. म्हणजे वारशाने आलेल्या डब्यात शेजारी पडलेल्या दोन लड्यांची टिकण्याची ताकद मुळातच वेगळी असू शकते.

दुसरा घोळ चमकेचा. इंग्लंडमध्ये जॉन मर्सरने १८४४ साली सुती कापड तीव्र कॉस्टिक सोड्यातून काढून पाहिले. धागा फुगला, रंग जास्त पिऊ लागला, पण आटलाही. १८९० च्या सुमारास होरेस लो याने धागा ताणून धरून तीच क्रिया केली, तेव्हा सुताला रेशमाची झाक आली. मात्र चमकणारा धागा ज्या दिशेने पडेल तसा उजळ किंवा गडद दिसतो. लडी नुसती कापडावर ठेवून जुळवणी करू नये. ज्या दिशेचा टाका आहे त्याच दिशेने एक पदर आडवा धरून पाहावे. सकाळी ओसरीत पाहावे आणि रात्री दिव्याखाली पुन्हा पाहावे, कारण वेगवेगळ्या रसायनांनी साधलेले दोन सारखे रंग उन्हात जुळतात आणि एलईडीखाली फुटतात.

कंपन्यांचे नंबरही एकमेकांशी बोलत नाहीत. डीएमसी ही फ्रान्समधल्या मुलूझची, १७४६ पासूनची पेढी. अँकर हे पेझलीच्या क्लार्क घराण्याचे नाव, ते १८९६ साली कोट्समध्ये मिसळले. काळा डीएमसीकडे ३१०, अँकरकडे ४०३. तुलनेचे तक्ते मिळतात, पण ते "जवळचा" एवढेच सांगतात. मोबाइलच्या पडद्यावरून तर रंग निवडूच नये. दुकानातले, खऱ्या दोऱ्याचे तुकडे लावलेले शेडकार्ड हेच चालते. आणि लडीची कागदी पट्टी कधी काढू नये, टोक ओढून दोरा घ्यावा. पट्टी गेली की लडी बेवारस.

वापरण्याआधी वीतभर दोरा हलक्या झटक्याने ओढून पाहावा. काळे आधी तुटतात, हा घरोघरचा अनुभव. काही काळे रंग गंधकाचे असतात. साठवणीत त्यांतून आम्ल तयार होते आणि सूत आतून कुजते. लाल आणि काळा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून गरम इस्त्री फिरवावी. डाग उमटला तर तो दोरा धुवायच्या वस्तूला लावू नये. डब्यातला माझा काळा असाच गेला.

उरला प्रश्न टेबलक्लॉथचा. माझी तीन पाने उसवली. नंबर सोडून दिला आणि उजेडाने झालेल्या हिरव्याला जुळणाऱ्या, दोन पायऱ्या फिक्या लडीचा शोध घेतला. अगदी तसा मिळाला नाहीच. डब्यात मात्र पट्टी नसलेली, कडेने विटलेली एक जुनी हिरवी लडी होती, जवळपास पूर्ण. आठ मीटरच्या लडीत सहा पदर. दोन पदरांनी भरायचे तर २४ मीटर दोरा निघतो. सुईत एक पदर जुना आणि एक नवा घेतला, की ४८ मीटर. शिवाय दोन हिरवे टाक्याटाक्यात मिसळतात आणि सीमारेषा कुठे दिसत नाही. तिसऱ्या कोपऱ्यावर आईच्या शेवटच्या पानानंतर मी आधी दोन्ही पदर जुने ठेवून दोन पाने भरली, मग एकेक.

चौथा कोपरा अख्खा मिश्र दोऱ्याचा आहे. उलट्या बाजूने पाहिले तर कुठून मी सुरू झाले ते ताबडतोब कळते. भाचीने ती बाजू पाहिली आणि विचारले, मागे अस्तर लावायचे का. नको म्हटले.