एंडॉर्फिन: आनंदाचं रसायन की संकटाचं?

धावा, एंडॉर्फिन वाढेल. पोटभर हसा, एंडॉर्फिन वाढेल. झणझणीत मिसळ खाल्ली की बरं वाटतं, तेही म्हणे एंडॉर्फिनमुळेच. मॅरेथॉनचा मोसम जवळ आला की असे सल्ले व्हॉट्सॲपवरून फिरू लागतात आणि ‘हॅपी हार्मोन’ हे बिरुद तर या रेणूला कायमचंच चिकटलं आहे. या समजुतीतलं एकेक वाक्य वेगळं काढून तपासलं तर त्यात थोडंफार तथ्य सापडतं. व्यायामाने रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन वाढतं, हे खरं. हा रेणू मॉर्फिनसारखं काम करतो, हेही खरं. गडबड आहे ती या दोन वाक्यांना जोडून काढलेल्या तिसऱ्या वाक्यात: म्हणून रक्तात ते वाढलं की मन आनंदी होतं. बीटा-एंडॉर्फिन कुठे तयार होतं, कोणाबरोबर बाहेर पडतं आणि कुठवर पोहोचतं, हे पाहिलं की हे तिसरं वाक्य टिकत नाही.

अफूतलं मॉर्फिन मेंदूवर इतक्या नेमकेपणाने कसं काम करतं, हा प्रश्न जुना होता. 1973 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी मेंदूत मॉर्फिनसाठीच असावेत असे रिसेप्टर दाखवले. त्याच वर्षी न्यूयॉर्क आणि उप्साला इथल्या संशोधकांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या मेंदूने सोय करून ठेवली असेल, हे पटण्यासारखं नव्हतं. शरीर स्वतःच तसं काही बनवत असणार. 1975 मध्ये ॲबरडीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफेलिन नावाचे दोन इवलेसे रेणू वेगळे केले, प्रत्येकी पाच अमिनो आम्लांचे. इथे गोष्ट पीयूषिका ग्रंथीकडे वळते. कॅलिफोर्नियात चो हाओ ली यांनी साठच्या दशकात मेंढीच्या पीयूषिकेतून 91 अमिनो आम्लांचं बीटा-लिपोट्रोपिन मिळवलं होतं. चरबी वितळवणारं संप्रेरक म्हणून त्याचं नाव पडलं, पण त्याचं नेमकं काम काय हे काही ठरत नव्हतं. एन्केफेलिनची रचना प्रसिद्ध झाली तेव्हा लक्षात आलं की त्यातल्या एकाची पाचही अमिनो आम्लं या साखळीत 61व्या स्थानापासून जशीच्या तशी बसलेली आहेत. 1976 मध्ये ली आणि डेव्हिड चुंग यांनी उंटाच्या पीयूषिकांमधून 31 अमिनो आम्लांचा तुकडा वेगळा केला. त्याची रचना 61 ते 91 या शेपटाशी जुळणारी होती आणि गुण मॉर्फिनचा. हेच बीटा-एंडॉर्फिन.

पण बीटा-लिपोट्रोपिन तरी कुठून येतं? 1979 मध्ये क्योटोच्या शिगेताडा नाकानिशी आणि शोसाकु नुमा यांच्या गटाने जनुकीय पुराव्याने दाखवलं की हा सगळा गोतावळा एकाच लांबलचक प्रथिनातून निघतो. त्याचं नाव प्रोओपिओमेलॅनोकॉर्टिन, सोयीसाठी ‘पॉम्क’. उसाची कांडी पेरापेरावर तोडावी तसं पेशीतली विकरं हे प्रथिन ठरावीक जागी तोडतात. एक तुकडा एसीटीएच. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडायला लावणारं संप्रेरक ते हेच. दुसरा बीटा-लिपोट्रोपिन, आणि त्याच्या शेपटातून बीटा-एंडॉर्फिन. हे तुकडे पीयूषिकेच्या त्याच पेशींतून, त्याच हुकमाने रक्तात सुटतात. ताण आला की एसीटीएच आणि बीटा-एंडॉर्फिन हातात हात घालूनच बाहेर पडतात, हे रॉजर गियमाँ यांच्या गटाने 1977 मध्येच उंदरांवर दाखवलं होतं. म्हणजे रक्तातल्या बीटा-एंडॉर्फिनचं सख्खं भावंड ताणाचं संप्रेरक आहे. कॉर्टिसॉलला ‘स्ट्रेस हार्मोन’ म्हणून नावं ठेवायची आणि त्याच घंटेवर धावणाऱ्या रेणूला आनंदाचा म्हणायचं, ही विसंगती इतकी वर्षं कोणाला खटकू नये याचं नवल वाटतं.

यावर कोणी म्हणेल, ताणाबरोबर येत असेल, पण आल्यावर आनंद देत असेल की! तसं व्हायला रक्तातला रेणू मेंदूच्या आत शिरला पाहिजे. पीयूषिकेचा पुढचा भाग मेंदू आणि रक्त यांच्यामधल्या अडसराच्या बाहेर आहे, आणि 31 अमिनो आम्लांचा रेणू तो अडसर फारसा ओलांडत नाही. मेंदूला लागणारं बीटा-एंडॉर्फिन मेंदू स्वतंत्रपणे बनवतो, मुख्यतः हायपोथॅलॅमसमधल्या काही चेतापेशींत. पीयूषिकेचं दुकान वेगळं, मेंदूचं वेगळं. वेदनेच्या उपचारात हा फरक प्रत्यक्ष दिसला आहे. 1979 च्या सुमारास कॅन्सरच्या रुग्णांना बीटा-एंडॉर्फिन शिरेवाटे दिलं तेव्हा वेदना हटली नाही. मेंदूतल्या पोकळीत सोडल्यावर मात्र हटली. 1980 मध्ये जपानमध्ये असाध्य वेदनांच्या 14 रुग्णांना मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात अवघं तीन मिलिग्रॅम दिलं गेलं आणि आराम सरासरी एक दिवसाहून जास्त टिकला. रेणू तोच, जागा बदलली. याहून बोलका पुरावा ॲडिसनच्या आजाराचा आहे. या आजारात ॲड्रिनल ग्रंथी निकामी होतात, कॉर्टिसॉल घटतं आणि ते भरून काढायला पीयूषिका एसीटीएचचा मारा करते. अर्थात त्याबरोबर बीटा-एंडॉर्फिनही रक्तात प्रचंड वाढतं. ‘हॅपी हार्मोन’चा हिशेब खरा असता तर हे रुग्ण जगातली सर्वांत सुखी माणसं ठरली असती. प्रत्यक्षात ती थकलेली, खंगलेली, अनेकदा मनानेही खचलेली असतात, आणि त्वचा काळवंडते ती वेगळीच. बाळंतपणाचंही तेच. कळा वाढत जातात तसं आईच्या रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन चढत जातं आणि प्रसूतीच्या वेळी शिखराला पोहोचतं. त्या घटकेला आनंदाची घटका म्हणायचं धाडस कोणतीही बाळंतीण करणार नाही.

आता धावणाऱ्यांकडे वळू, कारण सगळ्यात कडवा आक्षेप तिथूनच येतो. लांब पल्ला धावल्यावर जी तरंगल्यासारखी अवस्था येते, तिचं श्रेय सत्तर-ऐंशीच्या दशकांत एंडॉर्फिनला मिळालं ते रक्ताच्या तपासण्यांवरून, आणि तो पुरावा का पुरत नाही हे वर आलंच आहे. पण 2008 मध्ये जर्मन संशोधकांनी थेट मेंदू पाहिला. दहा कसलेल्या धावपटूंचं दोन तास धावण्याच्या आधी-नंतर पेट स्कॅन केलं. धावल्यानंतर मेंदूच्या काही भागांत मॉर्फिनचे रिसेप्टर आधीपेक्षा जास्त व्यापलेले दिसले, आणि ज्यांना जास्त सुखद वाटलं त्यांच्यात हा फरकही मोठा होता. हा प्रयोग महत्त्वाचा आहे, तो उडवून लावता येणार नाही. मात्र रिसेप्टर कोणत्या रेणूने व्यापले हे असं स्कॅन सांगत नाही. एन्केफेलिनही असू शकतं. शिवाय दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. त्यासाठी रिसेप्टर आधीच अडवून पाहायला हवं. ते 2021 मध्ये हॅम्बुर्गच्या गटाने केलं. 63 जणांच्या या प्रयोगात काहींना नॅल्ट्रेक्झोन, म्हणजे मॉर्फिनचे रिसेप्टर बंद करणारं औषध, आणि काहींना निव्वळ दिखाऊ गोळी देऊन 45 मिनिटं धावायला लावलं. औषध घेतलेल्यांनाही धावल्यावर तसाच उल्हास वाटला, चिंताही तशीच कमी झाली. एंडॉर्फिनचं दार बंद असूनही आनंद आला. तो दुसऱ्या वाटेने येत असणार, आणि सध्या संशयाची सुई शरीरातल्या गांजासदृश रेणूंकडे, एंडोकॅनाबिनॉइडकडे आहे. धावण्याने तेही वाढतात आणि ते मेदात विरघळणारे असल्याने मेंदूत सहज शिरतात. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या 2018 च्या पाहणीने तर उलटाच रंग दाखवला. मध्यम व्यायामापेक्षा दमछाक करणाऱ्या व्यायामात मेंदूत अफूसदृश रेणू जास्त सुटले, पण त्यांची सांगड सुखाशी न लागता त्रासाच्या भावनेशी लागली.

हसण्याची बाजू जरा भक्कम आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मुंबईत 1995 मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी हास्यक्लब सुरू केले आणि तिथूनच ही कल्पना आपल्याकडच्या बागाबागांत पोहोचली. तुर्कूच्याच आणखी एका पाहणीत 12 जणांनी मित्रांबरोबर विनोदी दृश्यं पाहून हसल्यावर मेंदूत अफूसदृश रेणू सुटल्याचं पेट स्कॅनमध्ये दिसलं. पण माणसं बारा, रेणूची ओळख पुन्हा अनिश्चित, आणि सोबतीचा परिणाम किती, हसण्याचा किती, हेही वेगळं काढलेलं नाही. मिसळीच्या बाबतीत एवढाही पुरावा नाही. मिसळ चवीसाठी खावी.

मग बीटा-एंडॉर्फिन करतं तरी काय? 1996 मध्ये हा रेणू बनवूच न शकणारे उंदीर तयार करण्यात आले. एरवी ताणाखाली वेदना मॉर्फिनने व्हावी तशी बोथट होते, तो परिणाम या उंदरांत नाहीसा झाला. नर उंदरांचं वजनही वाढलं. संकटात दुखणं मागे सारायचं, भुकेच्या हिशेबात भाग घ्यायचा, अशी ही कामं आहेत. सुखाची हमी त्यात कुठे नाही. ‘शरीरातलंच आहे, म्हणजे निर्धोक’ हा समज तर 1976 मध्येच मोडला: उंदरांच्या मेंदूत बीटा-एंडॉर्फिन सतत सोडत राहिल्यावर त्यांना मॉर्फिनसारखीच शारीरिक लत लागली. शेवटी एक आक्षेप उरतो, की धावून बरं वाटतं ना, मग रेणूचं नाव कोणतंही असो. धावणाऱ्यापुरतं हे मान्य. पण ‘एंडॉर्फिन सुटेपर्यंत पळ’ म्हणून शरीराला ओरबाडणारा सल्ला या चुकीच्या नावावरच उभा आहे. नैराश्याच्या रुग्णाला औषध बंद करून धावायला पाठवणारे नातेवाईकही याच नावाचा आधार घेतात. व्यायामाचा फायदा स्वतंत्र पुराव्यांनी सिद्ध आहे, त्याला हा टेकू लागत नाही. आणि रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन मोजून तुमच्या आनंदाची पातळी सांगतो असं कोणी म्हणालं, किंवा ते वाढवणारी गोळी पुढे केली, तर पैसे खिशातच ठेवा.