खुला कोड, कच्चा कोड?

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊस प्रकल्पात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आणि सॉफ्टवेअरची चर्चा रसवंतीपर्यंत पोचली. त्या चर्चेत खुल्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता येतो अशा, सॉफ्टवेअरबद्दल एक वाक्य हमखास निघतं: ‘फुकट मिळतं ते कच्चंच असणार.’ त्याच प्रकल्पाशी जोडलेल्या मायक्रोसॉफ्टने शेतीसाठीची फार्मव्हाइब्स ही साधनं २०२२ मध्ये कोडसकट खुली केली, आणि ती कंपनी काही दानधर्माला बसलेली नाही. किमतीवरून कोडचा दर्जा कळत नाही.

गैरसमज: कोणीही येऊन कोड बदलतो.

वाचू कोणीही शकतो, बदल सुचवूही शकतो. तो आत घ्यायचा की नाही हे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारी माणसं, ठरवतात. लिनक्स या खुल्या संगणक-प्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बदल आधी त्या-त्या विभागाचा मेंटेनर तपासतो, मग तो लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सपर्यंत जातो.

गैरसमज: इतके डोळे असल्यावर चूक राहीलच कशी?

राहते. इंटरनेटवरची माहिती सुरक्षित पाठवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधला ‘हार्टब्लीड’ दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीसोबत जगभर गेला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. कोड सगळ्यांना दिसत होता, पण बारकाईने वाचणारे थोडे होते.

गैरसमज: जुना कोड वाईट असेल तर पाडून नवा लिहावा.

ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केपने १९९८ मध्ये हेच ठरवलं. नव्याने लिहिलेला मोझिला १.० यायला जून २००२ उजाडला, तोवर बाजार मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने खाल्ला होता. लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस-सॉफ्टवेअरने उलट केलं. २०१० मध्ये ते जुन्या प्रकल्पातून वेगळं झालं तेव्हा वारशात जर्मन भाषेतल्या टिपांनी भरलेला जुना कोड मिळाला. स्वयंसेवकांनी त्या टिपांचं थोडं थोडं भाषांतर केलं, नवख्यांसाठी सोप्या कामांची यादी ठेवली, तपासणी-साधनाने दाखवलेले दोष एकेक करून काढले. ऑक्टोबर २०१२ पासून २०१४ पर्यंत हजार ओळींमागचे दोष १.११ वरून ०.०८ वर आले. कधी नवं लिहावंही लागतं: लोहित या खुल्या फाँटची अक्षरजुळणीची कोष्टकं पुन्हा लिहिली गेली. पण तीही एकेका लिपीची.

गैरसमज: हे प्रोग्रामरांचं काम, इंदापुरात बसून आपण काय करणार?

‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द घ्या. भवानीनगरच्या छत्रपती किंवा बिजवडीच्या कर्मयोगी साखर कारखान्याच्या परिसरात तो किती कागदांवर येतो हे सांगायला नको. त्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: ऱ (युनिकोड ०९३१) आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. ‘शोधा’ म्हटल्यावर प्रोग्राम मात्र डोळ्यांनी बघत नाही, आकडे जुळवतो. एका तऱ्हेने टाइप केलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला, तर ‘सापडला नाही’ असं उत्तर येऊ शकतं. परदेशातल्या निष्णात प्रोग्रामरला हा दोष दिसायचं कारणच नाही. तो दिसतो टायपिंग करणाऱ्या कारकुनाला.

त्याने ‘मराठी नीट चालत नाही’ एवढंच कळवलं तर कोणी काही करू शकत नाही. आवृत्ती, कीबोर्ड, नेमका शब्द, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, सोबत स्क्रीनशॉट, इतकं हवं. दुरुस्ती मग मोजक्या ओळींची असू शकते: शोधण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची. तोच शब्द घालून एक स्वयंचलित चाचणीही कोडसोबत ठेवतात. वर्षभराने कोणी तो भाग बदलताना दोष परत आणला, तर चाचणी नापास होते आणि बदल अडतो. बारामती-इंदापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं पहिल्याच फटक्यात नवं फीचर लिहायला धावतात. माझ्या मते त्यांनी अशा चाचण्यांपासून सुरुवात करावी. त्या लिहायला सोप्या, तपासायला सोप्या, आणि मेंटेनर त्या लवकर स्वीकारतो.