शेततळ्यात न सोडलेले मासे : ओळख, उगम आणि बंदोबस्त

पावसाळा सरता सरता अनेक शेततळ्यांच्या काठालगत इवल्याशा पिल्लांचे थवे दिसू लागतात. तळ्यात सोडलेली असते ती केवळ कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली. अशा वेळी आपलेच मासे व्याले, आता बीज विकत घेण्याचा खर्च वाचला, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हा बहुधा नुकसानीचा पहिला इशारा असतो.

पिल्ले कोणाची?

कटला, रोहू आणि मृगळ निसर्गतः पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. शेततळ्याच्या साठलेल्या पाण्यात त्यांचे प्रजनन सहसा होत नाही. याच कारणाने त्यांना प्रेरित प्रजननाची जोड द्यावी लागली. डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी १९५७ मध्ये कटक येथे पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचा वापर करून ते यशस्वी केले. म्हणून केवळ हे तीन मासे सोडलेल्या तळ्यात पिल्ले दिसल्यास ती बाहेरून आलेल्या माशांची समजावीत.

संशयित मुख्यतः तीन. सायप्रिनस साठलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालतो. गप्पी आणि गॅम्बुशिया थेट पिल्ले देतात. नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात साठून राहत असल्याने एक गाभण मादीही संपूर्ण तळे व्यापण्यास पुरेशी ठरते. तिसरा आणि सर्वाधिक उपद्रवी म्हणजे १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया, अर्थात चिलापी. तो दोन-तीन महिन्यांत वयात येतो, वर्षातून अनेकदा वितो आणि मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळत असल्याने त्यांची मरतूक कमी होते.

हे मासे येतात कोठून?

नाला, कालवा वा नदीतून तळे भरताना पाण्यासोबत अंडी व पिल्ले येतात. खात्री न करता घेतलेल्या बीजात इतर जातींची भेसळ असते. डासनियंत्रणासाठी कोणी गप्पी सोडतो, कोणी घरातील काचपेटी रिकामी करतो. ओली जाळी आणि भांडी एका तळ्यातून दुसऱ्यात गेल्यानेही पिल्ले पसरतात. हवेतील प्राणवायू घेऊ शकणारे काही मासे पावसात ओल्या जमिनीवरून सरकत तळे गाठतात.

पक्ष्यांचा वाटा मात्र अल्प आहे. हंगेरीतील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बदकांना कार्प माशांची अंडी खाऊ घातली. त्यांपैकी सुमारे ०.२ टक्केच विष्ठेतून अखंड बाहेर आली. म्हणजे ही वाट शक्य असली, तरी शेततळ्यात प्रथम तपासावी ती पाण्याची आणि बीजाची वाट.

नुकसान कसे होते?

टाकलेले खाद्य आणि पाण्यातील प्राणवायू या दोन्हींत अनाहूत मासे वाटेकरी होतात. तिलापियाची गर्दी झाली की त्याची स्वतःची वाढ खुंटते आणि कार्पचीही. हंगामाअखेर मासे भरपूर, पण विक्रीयोग्य वजनाचे थोडे, अशी स्थिती होते.

काय करावे?

• तळे भरताना पाणी बारीक जाळीतून गाळून घ्यावे. जाळी फाटली नाही याची वरचेवर खात्री करावी.
• बीज विश्वसनीय केंद्रातूनच घ्यावे. सोडण्यापूर्वी थोडे बीज पांढऱ्या घमेल्यात घेऊन तपासावे.
• पिल्ले दिसताच काही नमुने मत्स्यव्यवसाय विभाग वा कृषी विज्ञान केंद्राकडून ओळखून घ्यावेत.
• चालू हंगामात लहान आसाच्या जाळ्याने नको असलेले मासे वारंवार काढावेत.
• काढणीनंतर तळे पूर्ण रिकामे करून वाळवावे. ते शक्य नसल्यास दर १०० घनमीटर पाण्यास सुमारे २५ किलो मोहाची पेंड वापरावी. तिचा विषारी परिणाम सुमारे तीन आठवडे टिकतो. तोवर नवे बीज सोडू नये.

पकडलेला तिलापिया खाण्यास चालतो. मात्र जिवंत मासे नदी, नाला वा धरणात सोडू नयेत. आफ्रिकन मांगूर आढळल्यास अधिक दक्षता हवी. त्याच्या संवर्धनास देशात बंदी असल्याने मत्स्यव्यवसाय विभागास त्वरित कळवावे. एका तळ्यातील उपद्रव नदीत पोहोचल्यावर तो परत मागे घेता येत नाही.