घरच्या कारखान्यासाठी लहान स्पिंडल मशीन : घेण्यापूर्वी काय पाहावे?

निलंगा व आसपासच्या गावांत घराच्या ओसरीत किंवा मागच्या पत्र्याखाली सुतारकाम करून रोजी कमावणारे कारागीर बंधू पुष्कळ आहेत. चौकटीला गोला काढणे, पॅनेलसाठी खाच घेणे, बिडिंग पट्टी तयार करणे ही कामे हातरंध्याने करताना दिवस मोडतो. त्यामुळे यंत्राकडे मन वळणे साहजिक आहे. परंतु थानाचा वरचा पदर पाहून सौदा करणारा कापडवाला जसा फसतो, तसा केवळ मोटारीचे हॉर्सपॉवर पाहून यंत्र घेणारा कारागीरही फसतो. येथे पैशाबरोबर बोटेही जातात.

प्रथम नाव नीट सांगावे. दुकानात 'शेपर' म्हटले तर लोखंड कापणारे यंत्र दाखवतील. 'स्पिंडल मोल्डर' असे विचारावे. यात टेबलाच्या मधून एक उभा दांडा वर येतो. त्यावर कटर बसवतात आणि लाकूड गाईडला टेकवून पुढे सरकवतात.

दुसरा प्रश्न, आपल्याला हे यंत्र खरोखर हवे काय? महिन्याला दोन-चार दारांचे काम असेल तर टेबलाखाली बसवलेला चांगला राउटर पुरतो. त्याचे कटर लहान व स्वस्त असतात. तेच नमुने रोज शेकडो फूट काढायचे असतील, तरच स्पिंडल परवडते.

यंत्र पाहताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

दांडा : लहान यंत्रांत अर्धा इंच, पाऊण इंच किंवा 30 मिलिमीटर जाडीचा दांडा येतो. अर्ध्या इंचाचा दांडा हलक्या कामापुरताच समजावा. चौकटीसाठी पाऊण इंच किंवा 30 मिलिमीटर घ्यावा. कटरचे भोक दांड्याच्या मापाचेच हवे. वीज बंद असताना दांडा हाताने हलवून पाहावा. थोडाही खेळ जाणवला तर बेअरिंग गेले आहे असे समजावे.

वेग : साधी मोटार मिनिटाला सुमारे 2850 फेरे घेते. मोटारीवर सहा इंची आणि दांड्यावर दोन इंची पुली असेल तर दांडा तिप्पट, म्हणजे सुमारे 8500 फेरे फिरतो. त्यावर 100 मिलिमीटरचा कटर लावल्यास त्याची धार सेकंदाला सुमारे 45 मीटर धावते. म्हणून कटरवर लिहिलेल्या वेगमर्यादेपुढे कधीही जाऊ नये. मोठ्या कटरला कमी वेग लागतो, त्यासाठी दोन वेगांची सोय असलेले यंत्र बरे.

वीज : सिंगल फेजवर 2 ते 3 हॉर्सपॉवरची मोटार चालते. 3 हॉर्सपॉवरला सुमारे 15 अँपियर करंट लागतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. घरातील साध्या प्लगवर ती लावू नये. वेगळी वायर, वेगळा एमसीबी व पक्के अर्थिंग हवे. लोडबाबत महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारावे.

कटर : यंत्र एकदाच घ्यायचे असते, कटर मात्र वारंवार. सागवानात वाळूसारखा अंश असतो, त्याने साधी धार लवकर बोथट होते. सागवान व प्लायवूडसाठी कार्बाइडचे कटर घ्यावेत. त्यांना धार लावणारा लातूरपर्यंत तरी कोण आहे, हे सौद्याआधी विचारावे. जुन्या माळवदाची तुळई चिरून वापरत असाल तर प्रत्येक खिळा काढावा. एक खिळा कटर फोडतो आणि त्याचा तुकडा गोळीसारखा सुटतो.

संरक्षण : कटरवर झाकण आणि लाकूड दाबून धरणारे दाबक नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. लाकूड नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवावे. उलट केले तर यंत्र लाकडासह हात ओढून घेते. पूर्ण खोली एकदम न काढता दोन-तीन वेळा थोडी थोडी काढावी. आखूड तुकडा हाताने धरू नये, लांब पट्टीवर नमुना काढून मग तुकडे करावेत. हातमोजे, सैल बाह्यांचा कुर्ता, गळ्यातील रुमाल यंत्राजवळ नकोत.

घरातच काम चालते, त्यामुळे भुशाचाही विचार व्हावा. लाकडाच्या धुळीने माणसाला कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच जाहीर केले आहे. तोंडाला मास्क लावावा, भुसा ओढणारे यंत्र जोडावे आणि मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

भांडवलाबाबत एक माहिती. केंद्र सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात अवजारांसाठी 15,000 रुपये आणि पहिल्या टप्प्यात 1 लाख रुपयांपर्यंत कर्ज 5 टक्के व्याजाने, विनातारण मिळते. कुटुंबातील एकालाच लाभ घेता येतो. नोंदणी सीएससी केंद्रात होते.

सारांश, बजेट ठरवताना सगळी रक्कम यंत्रावर घालू नये. कटर, झाकण, दाबक व वायरिंग यांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत बसेल तेवढेच यंत्र घ्यावे. कारागिराचे खरे भांडवल त्याचे दोन हात आहेत. ते शाबूत राहिले तरच धंद्यात बरकत आहे.